मत नको, हासू सांगा

माणसं भेटली की पाऊसपाणी विचारतात, पोराबाळांचं विचारतात. निमगाव केतकीचे निवृत्तीतात्या विचारतात, "कितव्या पानावर हाय तुमी?"

तात्यांचा पानमळा आहे. त्यामुळे नवख्या माणसाला वाटतं, विड्याच्या पानाचंच काहीतरी असणार. तो आपला हसून "पान खायचं कधीच सोडलं" असं सांगतो. मग तात्या पिशवीतून एक झेरॉक्स केलेलं, स्प्रिंगमध्ये बांधलेलं जाडजूड बाड काढतात आणि त्याच्या हातात ठेवतात. "खायाचं न्हाय, वाचायचं. पंधरा दिसांनी येतो."

आणि येतातच. एकदा एका लग्नात अक्षता पडल्या, नवरीचा बाप मांडवाच्या खांबाला टेकून डोळे पुसत होता. तात्या गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ गेले. बघणाऱ्यांना वाटलं, धीर द्यायला चाललेत. तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "पोरीचं ब्येस झालं. आता सांगा, कितव्या पानावर?" बापानं हुंदका आवरत सांगितलं, "सत्तरच्या पुढं गेलोय."

मी राहते बारामतीत आणि इंदापूरच्या एका वाचनालयात काम करते. रोजची एसटी निमगावावरूनच जाते. तात्या दर आठवड्याला तिथं चढतात आणि माझ्याबरोबर वाचनालयात येतात. ज्या पुस्तकापायी हे सगळं चालतं ते आमच्याच कपाटातलं. 'साडेसातवी पलटण' हे त्याचं नाव. लेखकाचं नाव मुखपृष्ठाच्या अर्ध्या भागाबरोबर कधीच फाटून गेलेलं. आमच्या नोंदीत ते 'विज्ञान' या सदरात होतं. आतलं विज्ञान बघून मी ते 'विनोदी'त हलवलं, आणि मग सैन्याचा एवढा तपशील बघून पुन्हा कुठं ठेवावं ते कळेना. शेवटी तात्यांनीच प्रश्न सोडवला. ते पुस्तक घेऊन गेले, ते अजून परत आलेलं नाही.

कादंबरी अशी आहे. एक पलटण फार लांबच्या ग्रहावर पाठवलेली असते. शत्रू येणार म्हणून. शत्रू काही येत नाही. वर्षं जातात. करायला काम नाही म्हणून सुभेदार जवानांकडून ग्रहावरचे सगळे दगड चुन्यानं रंगवून घेतो. तिथं कशालाच वजन नसतं. त्यामुळे डाळ पातेल्यातून उडते आणि आचारी जाळी घेऊन तिच्यामागं तरंगत जातो. सुभेदार ओरडतो, "सावधान! पाय जमिनीला!" आणि रांगेतून आवाज येतो, "साहेब, जमीन कोणत्या अंगाला आहे?" शेवटी एकदाचा शत्रू येतो, तर तोही त्याच्या बाजूचे दगड रंगवता रंगवताच इथवर पोचलेला असतो. त्याचा चुना संपलाय, म्हणून मागायला आलेला.

हे पुस्तक तात्यांनी किती जणांना वाचायला लावलं असेल! पण पुस्तक कसं आहे हे त्यांना कुणाकडूनच ऐकायचं नसतं. वाचणारा "छान आहे हं" असं म्हणाला की तात्या हात वर करून त्याला थांबवतात.

"मत निवडणुकीला ठिवा. मत नको, हासू सांगा. कुठं हासला?"

मग चौकशी सुरू होते. कुठल्या पानावर, कुठल्या वाक्याला, बसून की उठून. हसण्याच्या त्यांनी तीन जाती पाडल्या आहेत: ओठाचं, दाताचं आणि पोटाचं. ओठाच्या हसण्याला ते फारशी किंमत देत नाहीत. "त्ये तर लोक पुढाऱ्याला बघूनबी हासत्यात."

बँकेतल्या बाई उडत्या डाळीला हसल्या. दाताचं. गावातला केशकर्तनालयवाला मात्र पोट धरून हसला, कारण पलटणीतल्या न्हाव्यानं कापलेले केस खाली पडतच नाहीत, सगळ्यांच्या डोक्याभोवती ढगासारखे फिरत राहतात. तात्यांना ते सांगता सांगता त्याला पुन्हा हसू फुटलं आणि खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची एक कल्लेदार मिशी थोडक्यात वाचली. दूध संस्थेच्या सचिवांना हसू आलं नाही, शंका आली. शत्रूच येत नाही तर इतकी वर्षं पगारपत्रकावर सही कोण करत होतं? वडगाव निंबाळकरच्या एका निवृत्त जवानानं पुस्तक परत देताना एवढंच म्हटलं, "ग्रह सोडला तर सगळं खरं हाय." आणि आठवडे बाजारात भाजी विकणाऱ्या सखुबाईंना, ज्यांना तात्यांनी स्वतः शेजारी बसून निम्मं पुस्तक ऐकवलं, त्यांना पलटणीचा रागच आला. "बसून ऱ्हायल्यात मेली! तवर मेथीचा येक वाफा तरी टाकायचा."

बारामतीच्या एका प्राध्यापकांकडे मीच त्यांना घेऊन गेले होते. प्राध्यापक बराच वेळ बोलले. उपरोधाची पातळी असमान आहे, असं काहीतरी म्हणाले. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, टोपी सारखी केली आणि विचारलं, "ते समदं खरं, सर. पर हासला का?"

प्राध्यापक थोडे अडखळले. "म्हणजे... चुना मागायला येतो तिथं जरासा."

"ओठ का दात?"

"दात," प्राध्यापक म्हणाले. तात्या परतीच्या वाटेवर खूश होते.

मी त्यांना एकदा सुचवलं की मोबाइलवर ग्रुप काढा, सगळे तिथंच सांगतील. त्यांनी मान हलवली. "लेकानं दाखवलंय मला त्ये. हासणारी पिवळी तोंडं धाडत्यात. धाडणारा तिकडं गुरावानी गप बसल्याला असतो. हासू समोर बसूनच बघाया पायजे."

तात्यांचं हे सगळं कशासाठी चाललंय, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आमच्या धंद्यात वाचणारा माणूस मिळणं हेच इतकं अवघड झालंय, की त्याला कारण विचारून कोण घालवेल?

मग एकदा तात्या आलेच नाहीत. पुढच्या आठवड्यातही नाहीत. एसटी निमगावला थांबायची, मी खिडकीतून बघायची. शेवटी एक दिवस संध्याकाळी परतताना तिथं उतरले आणि घर विचारत गेले.

घर पानमळ्याला लागूनच होतं. तात्या ओट्यावर बसले होते, उजव्या पायाला घोट्यापर्यंत पट्टी. मळ्यात वेल बांधताना शिडीवरून घसरले होते. मला बघून त्यांना इतका आनंद झाला, की पट्टी विसरून ते ताडकन उभे राहिले आणि मग कळवळून खाली बसले.

"ताई, आमचं दादा," त्यांनी आत बाजेवर बसलेल्या माणसाकडे हात केला. "थोरलं भाऊ. फौजेत हुते."

दादा ताठ बसले होते. पांढऱ्या मिश्या, इस्त्रीचा सदरा. दोन्ही डोळे गेलेले, हे त्यांच्या चेहऱ्याच्या रोखावरून लक्षात आलं. त्यांच्या उशाशी आमच्या वाचनालयाचं मूळ पुस्तक होतं. तात्या हट्टानं म्हणाले, "च्या मीच करणार," आणि भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले.

"वाचनालयातल्या ताई न्हवं?" दादा म्हणाले. "तुमचा आवाज मला ठावा हाय. निवृत्ती तुमच्यावानी बोलून दावतो."

मी हसले आणि विचारलं, "पुस्तक तुमच्यासाठी वाचतात होय?"

"रोज सांजच्याला. डोळं हुते तवा इंदापुरातनं आणून मीच वाचायचो ह्ये. मळ्यात बसून येकटाच हासायचो. निवृत्ती म्हणायचा, दादाला खूळ लागलं. आता त्यो वाचतो, आन मी हासत न्हाय. म्हून त्यो गावभर इचारत हिंडतो, लोक कुठं हासत्यात. यिऊन मला तितलं पान वाचून दावतो. बँकेतल्या बाईवानी वाचतो, न्हाव्यावानी वाचतो. कशानं तरी दादा हासंल."

मला एकदम सगळ्या चौकशांचा अर्थ लागला. "आणि तुम्हाला खरंच हसू येत नाही, दादा?"

त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेला कान दिला. आत भांड्यांचा आवाज चालू होता. मग ते पुढं वाकले.

"येतं की. लई येतं. लई वंगाळ वाचतो त्यो, ताई. सातबारा वाचल्यावानी. हासू दाबून दाबून बरगड्या दुखत्यात माझ्या."

"मग?"

"हासलो तर काम सपलं की त्याचं."

मला कळलं नाही. दादांनी हात बाजेच्या काठावरून फिरवला.

"ह्याची मालकीण गेली, त्याला दोन सालं झाली. ती हुती तवर भायेरचं समदं तीच बघायची. बाजार, सोसायटी, पावणंरावळं. बोलायची ती. ह्यो मागनं पिशवी घिऊन. ती गेली आन ह्यानं दाराभायेर पाय टाकायचं सोडलं. पोरगा पुण्याला. मळा वाळाया लागला. जेवायचा आन भितीकडं त्वांड करून बसायचा. मला दिसत न्हाय, पर माणूस भितीकडं बघून बसला की घरात कळतं. आता मी असा आंधळा. ह्याला हाताला धरून भायेर कसा न्यायचा, सांगा."

मी बाजेच्या आणखी जवळ सरकले.

"मग येक दिस म्हणलं, इंदापुरातनं त्ये पुस्तक आण, वाचून दाव. माझ्यापायी कसाबसा गेला, आणलं. वाचलं त्यानं. मी गप. म्हणलं, पयल्यावानी हासू येत न्हाय बाबा. लोकांस्नी येतं का बघून ये. गेला. पयल्या दिशी शेजारच्या घरापतोर. मग गावात. मग पार बारामतीपतोर. आता सांजच्याला येतो तवा त्वांड थांबत न्हाय त्याचं. कुणाची म्हस व्याली, कुणाच्या घरात काय शिजलं, पराध्यापक कसा लाजला. पुस्तक ऱ्हातं बाजूला. मला त्येच ऐकायचं असतंय."

आतून तात्यांनी विचारलं, "ताई, साखर कमी का जास्त?" मी "कमी" म्हणाले.

"येक काम हुतं तुमच्याकडं," दादा घाईघाईनं म्हणाले. "गावातली माणसं सपत आली. पाय बरा झाला की ह्यो पुन्ना घरात बसंल. कुणी लांबचा वाचणारा हाय का? येष्टीनं जावं लागंल असा. आक्का दिवस मोडंल असा?"

चहा आला. गूळ-साखर दोन्ही पडली होती. तात्यांनी पुस्तक उघडलं आणि माझ्यासमोर वाचून दाखवलं. दादा म्हणाले ते खोटं नव्हतं. तात्या वाक्याच्या मधेच दम घ्यायचे आणि पूर्णविरामावर न थांबता पुढच्या वाक्यात घुसायचे. "सुभेदार म्हणाला सावधान पाय, जमिनीला साहेब जमीन, कोणत्या अंगाला." दादांचा चेहरा दगडासारखा होता, फक्त मिशीचं एक टोक हलत होतं. मग त्यांना जोराचा ठसका लागला. तात्या लंगडत उठले, पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात दिला, पाठीवरून हात फिरवत राहिले.

"बरं वाटंना का? थांबू?"

"न्हाय, न्हाय," दादा डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले. "वाच तू."

निघताना मी तात्यांना म्हटलं, "मोरगावला माझ्या आत्याचे दीर असतात. त्यांनी वाचलंय हे पुस्तक. त्यांना अजिबात हसू आलं नाही म्हणे."

तात्या एकदम सावरून बसले. "आजाबात न्हाय? ओठाचंबी न्हाय?"

"नाही. उलट चिडलेत."

"का पर? कुठल्या पानावर?"

"ते तुम्हीच जाऊन विचारा."

आत्याच्या दिरांनी पुस्तक पाहिलेलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना फोन केला, झेरॉक्सची एक प्रत पाठवली आणि हात जोडून सांगितलं, की हे वाचा आणि कसंही करून तुम्हाला आवडू देऊ नका. ते एका शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना वाटलं, माझं डोकं फिरलं. पण त्यांनाही घरी बोलायला फारसं कुणी नव्हतं, त्यामुळे कबूल झाले.

पाय बरा व्हायला थोडे दिवस गेले. मग एका सकाळी मी बारामतीच्या स्टँडवर इंदापूरच्या गाडीची वाट बघत उभी होते, आणि शेजारच्या फलाटावर मोरगावच्या गाडीत खिडकीशी तात्या दिसले. दाढी घोटलेली, सदरा दादांच्यासारखाच कडक इस्त्रीचा. मांडीवर ओल्या फडक्यात बांधलेला पानांचा गठ्ठा, पाहुण्यांकडं न्यायला. हाक मारावी म्हणून मी खिडकीजवळ गेले, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते शेजारी बसलेल्या एका म्हातारीशी बोलत होते. पुस्तक पिशवीतच होतं.

"आमची मालकीण यायची मोरगावला," ते सांगत होते. "दर चतुर्थीला. मी आपला पिशवी धरून मागनं. देवाफुडं हुबी ऱ्हायली की इतकं बोलायची, इतकं बोलायची, का पुजारी म्हणायचा, बाई, मागं रांग हाय."

म्हातारी हसली. तात्याही हसले, आणि पुढं काय झालं ते सांगायला लागले. कंडक्टरनं घंटी दिली, गाडी हलली, आणि पुढचं मला ऐकू आलं नाही.