कार्यालयीन वेळेतला वारा

नालुबाले सरोवराला तीन देशांचे किनारे आहेत. सरोवरावरच्या हवेत विष किती, याचा अंदाज बांधायला तिन्ही देशांची मिळून एक समिती आहे. विष साधंसुधं नाही. कचऱ्यातलं प्लास्टिक जळलं की ते निघतं, वर्षानुवर्षं विरत नाही, पाण्यातून माशात उतरतं आणि माशातून आईच्या दुधात.

एंटेबेजवळचं मोजणी केंद्र नामुबिरू सांभाळायची. तिची धाकटी बहीण धक्क्यावर मासे तळून विकायची; जुळ्यांची आई म्हणून तिला सगळे नालोंगोच म्हणत. तिच्या टपरीमागे गावाच्या कचऱ्याचा खड्डा होता आणि तो रोज रात्री पेटवला जाई.

"ताई, माझी पोरं अजून अंगावर पितात," नालोंगो म्हणाली. "तुझं ते यंत्र काय शोभेला ठेवलंय? एकदा त्या खड्ड्याचं नाव वरपर्यंत जाऊ दे, मग बंद करतील मेले."

नामुबिरूने ते मनावर घेतलं. पण तळ्याचा एक स्वभाव आहे. दिवसा वारा पाण्यावरून गावात येतो, रात्री गावातून पाण्यावर जातो. यंत्र चालवायला माणूस लागतो, माणसाला रात्रपाळीचा भत्ता लागतो आणि भत्त्याला तीन देशांची मंजुरी लागते. सबब तिन्ही किनाऱ्यांवरची यंत्रं कार्यालयीन वेळेतच चालत. तिन्हीकडून एकच निष्कर्ष आला: विष तळ्याकडून येतं.

"साहेब, रात्री आपणच ते तिकडे धाडतो," नामुबिरू बैठकीत म्हणाली.

अध्यक्ष मुगेनींनी चष्मा काढून पुसला. "रात्रीचा आकडा आहे का तुमच्याकडे, बाई?"

"मोजूच देत नाही, तर असेल कुठून?"

"मग रात्री हवा शुद्ध असते, असं धरायला हरकत नाही."

तीन देशांचं इतकं एकमत आजवर कशावर झालं नव्हतं. तळ्याला कारणे दाखवा नोटीस निघाली. भिजू नये म्हणून ती प्लास्टिकमध्ये घालून धक्क्याच्या खांबाला बांधली. तळ्याने मुदतीत खुलासा केला नाही, त्याअर्थी आरोप मान्य आहेत असे गृहीत धरण्यात आले. तळं हलवणं व्यवहार्य नव्हतं, म्हणून कारवाई माशांवर करायचं ठरलं. मासे खोल पाण्यात, म्हणून ती मासेवालीवर झाली. नालोंगोची टपरी उखडली. फळ्या, ताडपत्री आणि ती नोटीससुद्धा मागच्या खड्ड्यात गेली. त्या रात्री जाळ चांगलाच झाला.

निकाल सांगायला नामुबिरू बहिणीकडे गेली. तिला स्वतःची लाज वाटत होती. नालोंगो दोन्ही पोरं मांडीवर घेऊन बसली होती.

"कळलं मला सगळं," ती म्हणाली. "आता एवढंच सांग, यांना पाजू का नको?"

नामुबिरूने घड्याळाकडे पाहिलं.

"ऑफिस सुटल्यावर पाज," ती म्हणाली. "तेव्हा हवा शुद्ध असते."

नालोंगो हसली नाही. तुम्हाला हसू आलं असेल, तर तुमच्या गावची हवा किती वाजता मोजतात, ते एकदा विचारून या.