बटणांची परीक्षा

फुप्फुसाच्या कर्करोगावर नेमका गाठीवरच मारा करणाऱ्या दोन गोळ्या एकत्र दिल्या तर काय होते, हे तपासण्याचे काम रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर शिस्तीत चालू होते. शिंपीकाकांची गाठ निम्मी झाली होती. मात्र तोंडभर पुरळ, जुलाबांना ना वेळ ना काळ, आणि बोटांची टोके नखांशी चिरून उघडी पडलेली.

"पुरळ कुठल्या गोळीचं?" नोंदणीवाल्या बाईंनी विचारले.

"दोन्ही एकदमच गिळतो हो मी."

"फॉर्मात 'दोन्ही' नाही. एक सांगा."

"मग पांढरीच्या नावावर घाला. पिवळी बिचारी गरीब दिसते."

बाईंनी तसे लिहिले. "शर्टाची बटणं स्वतः लावता येतात?"

नियम स्पष्ट होता. बटण लागले तर त्रास सोसण्याजोगा. नाही लागले तर तीव्र, आणि गोळ्या बंद. म्हणजे गाठीला रान मोकळे.

"येतात की! चाळीस वर्षं दुसरं केलं काय?" सकाळी बायकोने लावून दिलेल्या बटणांवर हात ठेवून काका म्हणाले.

"पुढच्या खेपेला करून दाखवायचं."

घरी काकू हबकल्या. "आता हो?"

"काजं बुजव. वरून नुसती बटणं टाच, आतून बुटांना असते तसली चिकटपट्टी लाव."

"अहो, ही फसवणूक झाली!"

"त्यांनी शर्टाची चौकशी केलीय. माझी केली कुठे?"

पुढच्या खेपेला काकांनी तळव्याने दाबत शर्ट लावून दाखवला. उघडताना चर्रर आवाज झाला, त्यावर ते खोकले. खोकल्याचा फॉर्म वेगळा होता. बाईंनी मानही वर केली नाही.

बाहेर बाकावरचे दुसरे पेशंट, एक मास्तर, कानाशी आले. "शिंपीबुवा, माझं माप घेता? सोमवारी माझी परीक्षा आहे."

दोन महिन्यांत काकूंनी एकतीस शर्ट शिवले.

मग अहवाल आला: शंभर टक्के रुग्ण बटणे लावतात, सबब गोळ्यांची जोडी उत्तम सोसते, मात्रा वाढवण्यास हरकत नाही. अहवालाचे पाकीट काकांना फोडता येईना, म्हणून काकूंनी फोडले.

"चांगलं म्हटलंय ना हो?"

"तुझ्या शिलाईला म्हटलंय."

बातमी पेपरात छापून आली. तुम्ही वाचलीत ती, चहा पिता पिता. "विज्ञान कुठल्या कुठे गेलं!" म्हणालात, भराभर शर्टाची बटणे लावलीत आणि कामाला निघून गेलात.