बेचाळीस फोनांची कोंडी

शिंपीणबाईंनी सुईत दोरा ओवायचा नववा प्रयत्न सोडून दिला आणि पुन्हा फोन उचलला. नकाशावरचा निळा ठिपका नदीच्या पुलापाशी आला होता.

"कुठवर आला गं?" आतून सासूबाईंचा आवाज.

"पुलापाशी आलेत."

"मघाशीही पुलापाशीच होता. ट्रक चालवतोय की ढकलतोय?"

हा ठिपका म्हणजे बाईंचे यजमान, लष्करातले ट्रकचालक. गेल्या सुट्टीत ते कोपऱ्यावरून टाचण्या आणायला म्हणून गेले आणि तीन तास गप्पा हाणून हात हलवत परतले. बाईंनी त्याच दिवशी दोघांच्या फोनवर एकमेकांचा ठावठिकाणा दिसण्याची सोय चालू करून टाकली. सुट्टी संपली, सोय तशीच राहिली. आठ महिने ठिपका छावणीत ठाण मांडून होता. दोनदा रजा मंजूर झाली, दोनदा रद्द झाली. रोज सकाळी त्या ठिपक्याला डोळे भरून पाहिल्याशिवाय बाईंनी मशीनला पाय लावला नाही. आणि काल दुपारी ठिपका उठला आणि चालायला लागला. "कामगिरीवर निघतोय, कुठे ते विचारू नकोस," एवढंच ते परवा बोलले होते. विचारतंय कोण? दिसतच होतं!

बाईंनी खिडकीतला चष्मा घेतला. वाचायचा चष्मा, यजमान विसरून गेलेले. टपालानं पाठवायचं दोनदा ठरलं, पण सासूबाई आडव्या आल्या. "राहू दे घरात. वस्तू घरात राहिली की माणूस ती घ्यायला येतो." आता मात्र तो माणूस आठ किलोमीटरवरून जाणार होता, आणि त्याला पाच मिनिटं तरी बघायचंच, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं.

"हमरस्त्यावरच्या पंपापाशी सोडा," त्या टॅक्सीवाल्याला म्हणाल्या.

त्यानं आपला नकाशा बघितला. "नको ताई. तिकडे लालभडक आहे. मोठी कोंडी. सगळ्यांनी गाड्या आतल्या रस्त्यानं वळवल्यात."

बाईंनी आपला फोन त्याच्या फोनशेजारी धरला. लाल रेघेच्या बरोबर पोटात निळा ठिपका. ठिपका सरकला की रेघही सरकायची.

"ती कोंडी नाही. ते आमचे हे आहेत."

"ताई, माणूस कितीही जाडा असला तरी एवढा रस्ता अडवत नाही हो!"

"तुम्ही चला तर!"

हमरस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पंपावर ताडपत्र्या ओढलेले अकरा ट्रक उभे होते. टॅक्सी थांबते न थांबते तोच त्यांचे साहेब तरातरा आले.

"इथे थांबायचं नाही! आम्ही इथे आहोत हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"सांगायला कशाला हवं?" बाईंनी आपला आणि टॅक्सीवाल्याचा, दोन्ही फोन पुढे केले. "काल दुपारपासून दिसतंय की."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. बिचाऱ्यांनी निघण्यापूर्वी तासभर भाषण दिलं होतं. मोबाईलचं जाळं बाहेरच्या कंपनीचं, त्यात कोण डोकावतंय याचा नेम नाही, आपल्या गाड्या कुठून जातात हे कुणाला कळता कामा नये, वगैरे. मग सगळ्यांचे मिळून बेचाळीस फोन एका पत्र्याच्या पेटीत जमा करून कुलूप ठोकलं, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली आणि पेटी दिली सर्वांत आज्ञाधारक चालकाच्या ट्रकमध्ये. आता आदेशात 'जमा करा' असं होतं, 'बंद करा' असं नव्हतं. न सांगितलेलं काम करायला कुणाला वेड लागलंय?

"बेचाळीस फोन एकत्र रांगताहेत म्हटल्यावर नकाशा काय समजणार?" टॅक्सीवाल्यानं ज्ञान पाजळलं. "बेचाळीस गाड्या अडकल्यात!"

"म्हणजे आम्ही लाल रेघ ओढत आलो? शत्रूला जर..."

"शत्रूचं माहीत नाही साहेब, पण शिंपीणबाईंना कळलं."

पेटी उघडली, पटापट फोन बंद होऊ लागले. साहेबांनी बाईंपुढे हात केला. "चष्मा माझ्याकडे द्या, पोचवतो. तुम्ही परत फिरा."

बाईंची बोटं काही सुटेनात. आठ किलोमीटर येऊन शेवटी या माणसाचं तोंड बघायचं?

"साहेब," टॅक्सीवाला अगदी गंभीरपणे म्हणाला, "ती ठावठिकाण्याची सोय नुसता फोन बंद करून मोडत नाही. दोन्ही फोन आणि दोन्ही माणसं शेजारी शेजारी लागतात."

हे खरं होतं की नाही देव जाणे. साहेबांनाही ते ठाऊक नव्हतं.

"पाच मिनिटं," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांसमोर."

यजमान ट्रकमधून उतरले, धुळीनं माखलेले. आठ महिन्यांचं बोलणं साठलं होतं.

"जेवलीस?"

"तुम्ही?"

त्यांनी फोन हातभर लांब धरून डोळे बारीक केले. बाईंनी त्यांच्या नाकावर चष्मा चढवला. त्यांनी फोन सोडून बाईंकडेच बघितलं. "किती वाळलीस गं!"

"फोनकडे बघा. साहेब बघताहेत."

त्यांनी भलतंच काही दाबलं आणि फोन मोठ्यानं गाऊ लागला. "द्या इकडे," म्हणत बाईंनी फोन घेतला, चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांवर ठेवला. आणि काय आश्चर्य, 'मला कसला लागतोय चष्मा' म्हणणाऱ्या बाईंना एकूणएक अक्षर लख्ख दिसलं. हवं ते बटणही समोरच होतं. त्यांनी ते सरळ पडद्याबाहेर सरकवून दिलं.

"इथे नाही वाटतं."

"खाली बघ," यजमान हळूच म्हणाले. त्यांनीही ते मघाशीच पाहिलं होतं. "अजून खाली."

पाचाची पंधरा मिनिटं झाली. खांद्याला खांदा लागला होता, आणि तो कुणीच हलवत नव्हतं. अखेर साहेब खाकरले. बाईंनी बटण दाबलं. निळा ठिपका विझला.

"रजा कधी?"

"मला तरी कुठे माहितीये," यजमान म्हणाले आणि ट्रकमध्ये चढले.

टॅक्सीनं अर्धा तास पंपावरून हलायचं नाही, असं बजावून साहेब निघाले. मागच्या सीटवरून बाई बघत राहिल्या. ट्रक धूसर, रस्ता धूसर, सगळंच धूसर. त्यांनी डोळे पुसले. पुन्हा पुसले. डोळे कोरडे झाले तरी काही स्पष्ट दिसेना.

"ताई," टॅक्सीवाला आरशात बघत म्हणाला, "तुम्हाला चष्मा कधीपासून लागला?"

बाईंचा हात नाकावर गेला. "अगंबाई!"

"अर्धा तास कसला पाळताय! गाठू त्यांना. दाखवा, कुठवर गेलेत?"

बाईंनी नकाशा उघडला. ना ठिपका, ना लाल रेघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत रस्ता मोकळा.

घरी सासूबाई दारातच बसल्या होत्या. "भेटला?"

"भेटले. बरे आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत, विचारत होते." हे बाईंनी पदरचं घातलं.

"आणि चष्मा दिलास?"

बाईंनी मान खाली घालून चष्मा पुढे केला. सासूबाईंनी तो घेतला, काच दोन्ही बाजूंनी नीट पुसली आणि भिंतीला धरत खिडकीपर्यंत जाऊन जागेवर ठेवला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आता येईल घ्यायला."