चिंग्या बोकडाच्या तख्ताची हकीकत

श्री गोठ्याची माउली रक्षण करो. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, पौष मासीं, अमुक एका राज्याच्या अंगणांत भर दरबारीं प्रश्न जाहला तो ऐसा: "दादा, शुद्ध रक्ताचाच राजा हवा, तर मागचा शुद्ध राजा पहिल्याच पावसाळ्यात खोकून खोकून का मेला?"

प्रश्न करणार हर्षदाबाई, इयत्ता दहावी. यास्मीन आणि रेवा या मैत्रिणींनीं शाळेच्या नळापाशीं "व्यापाऱ्याच्या तोंडावर विचारून दाखव, नाहीतर तू नुसती वर्गातली वाघीण" ऐसी पैज घातली, आणि बाईंनीं ती उचलिली. राज्याचे धनी बाईंचे तीर्थरूप, म्हणजेच दादा, हणमंतराव, प्रजा म्हणजे मटणासाठीं पाळिलेल्या साठ उस्मानाबादी शेळ्या, काळ्याभोर, आणि तख्त म्हणजे त्या साठींचा एकुलता बोकड. तें तख्त रिकामें होतें म्हणोन व्यापारी पोपटशेट परदेशी बोर जातीचा नवा बोकड टेंपोंत घालोन चालून आले. घरचा दावेदार चिंग्या, मेल्या बोर राजास काळ्या शेळीपासून जाहला पुत्र, अंग काळें, तोंड तांबडें, बाईंनीं बाटलीनें दूध पाजून वाढविलेला. त्यास उदईक डॉक्टरांनीं चिमट्यानें खच्ची करावें आणि मग पोसून खाटकाकडे रवाना करावें, ऐसा हुकूम सुटला होता.

प्रश्न ऐकोन पोपटशेटांचा चहा बशींतच राहिला. हणमंतराव गरजले, "हर्षे, आत जा!" मातुःश्री कमळाबाई दारांतून वदल्या, "बोलू द्या की. खोटं काय विचारलंय तिनं?" मग बाईंस जोर चढला आणि वही काढोन त्या वाचित्या जाहल्या कीं, चिंग्यानें गतसालीं कुंपणावरून उडी मारोन परस्पर जो पराक्रम केला, त्याचीं करडें अकरा, तिसऱ्या महिन्यांत बाकीच्यांहून तीन-तीन किलो भारी, आणि पावसाळ्यांत एकही दगावलें नाहीं. हणमंतराव म्हणाले, "आणि एक थोराड, एक किरटं, त्याचं काय? क्रॉस बोकडाचा माल एकसारखा पडत नाही." बाई म्हणाल्या, "मी आणि तात्या-काकांचा बंड्या तरी कुठं एकसारखे आहोत, दादा?" त्यावर मातुःश्री पदर तोंडाशीं धरोन हंसल्या, आणि बाईंस वाटलें, गड सर जाहला.

तेव्हां पोपटशेट शांतपणें बोलिले, "पोरी, त्या अकरांत पाटी, म्हंजे माद्या किती?" "सहा." "त्या माजावर आल्या की तुझा राजा आपल्याच लेकींचा नवरा होणार व्हय? करडं लुळी निघाली म्हंजे मग मलाच फोन लावशील." बाईंनीं वहीचीं पानें चाळिलीं. सोयरीक जुळवितां मामाच्या मामाचें कूळ धुंडाळणारें तें राज्य, परंतु शेळ्यांची भावकी वहींत कोणी लिहिलीच नव्हती. मग बाई उठोन गोठ्यांत गेल्या, आणि चिंग्या त्यांची ओढणी चघळू लागला, आणि त्या थोड्या रडल्या, परंतु तें येथें लिहिण्याचें कारण नाहीं. मग यास्मीनला फोन लाविला. तिच्या वडिलांच्या, रशीदचाचांच्या, कळपांतही क्रॉस बोकड, आणि तेथेंही हीच पंचाईत, म्हणोन उभयतां मुलींची मसलत जाहली, आणि बाई ओढणी झटकोन अंगणांत परतल्या.

एवंच, राजाचा जीव राखावया राजकन्येनें तो परमुलखीं धाडिला. मातापित्यांपुढें उभें राहोन बोलिली तें शब्दशः: "आई, दादा, माझं ठरलंय. उद्यापासून चिंग्या यास्मीनकडं, त्यांचा बोकड आपल्याकडं, दोन वर्षं. रशीदचाचा हो म्हणाले. चिमटेवाल्या डॉक्टरांना 'येऊ नका' म्हणून मी कळवलंय. आणि पोपटकाका, टेंपो मागं घेताना जपून, तिथं खड्डा आहे."