बुडबुडाबंदी

छाती ठोकून सांगतो, गावाचं सांडपाणी माझ्याइतकं कुणाला कळत नाही! आमच्या तीनशे घरांतलं मोरीचं अन् संडासाचं सगळं पाणी ओढ्याकाठच्या प्रकल्पात, माझ्या टाक्यांत येतं. तिथले जंतू घाण खातात आणि नितळ झालेलं पाणी ओढ्यात जातं. पगार नाही, रजा नाही, कुरकुर नाही. असे कामगार दिवा घेऊन शोधलेत तरी मिळायचे नाहीत!

सोमवारी तपासणीचे साहेब येणार होते. नापास झालो तर प्रकल्पाला कुलूप आणि घाण पुन्हा थेट ओढ्यात. पूर्वी त्याच पाण्यापायी अर्धं गाव जुलाबाने आडवं व्हायचं. म्हणून रविवारी सकाळीच मी भोंग्यावरून गरजलो, "उद्या तपासणी! सगळं चकाचक हवं!"

मला म्हणायचं होतं, प्रकल्पाचं आवार. गावाने ऐकलं, आपापलं घर!

सोमवारी साहेब फाटकातून आत आले, आणि त्यांना सामोरा गेला फेस! उतू जाणाऱ्या दुधासारखा टाकीच्या कडेवरून उतरला आणि थेट साहेबांच्या बुटांत शिरला. तमाशा बघायला सगळं गाव लोटलं होतं.

"मोरीत काय ओतलंस?" मी बायकोला विचारलं.

"थोडी ब्लीचिंग पावडर. अहो, तुम्हीच म्हणालात ना चकाचक?"

"आणि मी तीन बाटल्या फिनेल, जावईबापू!" सासूबाई अभिमानाने म्हणाल्या. "शेजारणीने दोनच ओतल्या."

तीनशे घरांत चढाओढ! माझे जंतू एका दिवसात देवाघरी गेले होते.

"कुलूप आणा," साहेब म्हणाले.

माझं टाळकंच सरकलं. मी फाटकात फतकल मारली. "लावा कुलूप! पण मला आत ठेवून लावा! मागच्या टाकीत थोडा जिवंत गाळ उरलाय. आठ दिवस द्या, त्यातून जंतू परत वाढवतो."

"आणि गाव तुमचं ऐकेल?"

"न ऐकायला काय झालं?" सासूबाई कंबरेवर हात ठेवून पुढे आल्या. "सांडपाणी आमचं आहे! ते कुठे जायचं, आम्ही ठरवू!" आणि माझ्या शेजारी बसल्या. त्यांच्या मागे सगळं गाव बसलं.

साहेबांनी गावाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, आणि आठ दिवस लिहून दिले.

मी जागच्या जागी फर्मान काढलं, "फिनेल बंद, ब्लीचिंग बंद, साबण बंद!"

"अंगाचासुद्धा?" बायको दचकली.

"सुद्धा! एक बुडबुडा दिसता कामा नये!"

खरं तर अंगाच्या साबणाने काही बिघडत नाही. पण एवढा आवेश चढल्यावर माणूस मागे येतो का?

गाव हट्टाला पेटलं. सासूबाई गल्लोगल्ली गस्त घालू लागल्या. न्हाव्याने एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी केली होती, तोच त्यांनी ब्रश जप्त केला. तो गृहस्थ उरलेली अर्धी मिरवत आठ दिवस ताठ मानेने हिंडला!

नवव्या दिवशी साहेबांनी टाकीतलं पाणी बाटलीत भरून उजेडात धरलं, यंत्र लावलं, पुन्हा पुन्हा आकडे पाहिले.

"पास!"

एकच जल्लोष झाला. सगळं गाव साहेबांभोवती गोळा झालं. साहेब दोन पावलं मागे सरकले. मग आणखी चार.

"पाणी उत्तम आहे हो," ते नाक दाबून म्हणाले, "पण मग हा वास कुठून येतोय?"

मी मान ताठ ठेवली. "तो प्रकल्पाचा नाही, साहेब. तो आमचा."