मगरमावशीचे समाधानी उतारू

एका जंगलातून भलीमोठी नदी वाहत होती, बाळांनो. अलीकडचं गवत पार संपलं होतं आणि पलीकडे गुडघाभर हिरवळ होती. पूल बांधायचं सिंहमहाराजांच्या मनात दरवर्षी यायचं आणि जेवण झालं की निघून जायचं. म्हणून सगळ्यांना पैलतीरी सोडायचं काम मगरमावशीकडे होतं. मावशी पाठीवर बसवायची आणि गोड गोड बोलत न्यायची.

सेवा म्हटली की उद्दिष्ट हवंच. महाराजांनी फर्मावलं, शंभरातले नव्वद उतारू समाधानी असतील तरच काम मावशीकडे राहील. नाहीतर बघू पुलाचं. आता सगळ्यांना विचारत कोण बसणार? कोल्होबा प्रधानांनी तोडगा काढला. पन्नासांना विचारायचं, त्यावरून सगळ्यांचं कळतं. आणि विचारायचं ते पैलतीरावर, कारण प्रवास पुरता झाल्याशिवाय मत कसं देणार? शहाणा हो कोल्होबा, दुसरं काय!

कामावर गोंदू सशाला नेमलं. त्याची बायको पारू आणि पिल्लू अलीकडे उपाशी होती. पाहणी चांगली निघाली की दोघंही पलीकडे येणार होती. गोंदूला मात्र मावशीने अंगाला थेंब न लागू देता पोचवलं.

गोंदू काठावर बसून उतरेल त्याला विचारू लागला. सगळे खूश. एका माकडाची अर्धी शेपूट वाटेत गेली होती, तरी एकंदरीत सेवा छान असं तेही म्हणालं.

पन्नास पुरे झाल्यावर गोंदूने सहज मान वर करून येणारी फेरी पाहिली. मावशीच्या पाठीवर दहा जण होते. मधोमध तिने एक डुबकी घेतली. काठावर उतरले सहा. गोंदूने पुन्हा एकदा मोजले, सहाच.

"मावशी, बाकीचे चार?"

"मधेच उतरले रे," मावशी दात कोरत म्हणाली. "उतारूंना अडवणं माझ्या स्वभावात नाही बाई."

परत तिच्या पाठीवर बसायची गोंदूची छाती होईना. त्याने बगळ्याकरवी निरोप धाडला. पन्नासच्या पन्नास समाधानी आहेत, पण वाटेत काही जण नाहीसे होतात, पारूला पाठवू नका.

कोल्होबांनी निरोपाचा पहिला भाग दरबारात मोठ्याने सांगितला. दुसरा महाराजांच्या कानात सांगितला आणि वर म्हणाले, "जे पोचलेच नाहीत ते उतारू कसले, महाराज? त्यांना मोजायचं कशाला?" महाराजांना ते पटलं. जेवणाची वेळही झाली होती. काम मावशीकडे कायम झालं.

दुसऱ्या दिवशी गोंदूला समोरच्या काठावर पारू दिसली. कडेवर पिल्लू होतं आणि मावशी शेजारी येऊन थांबली होती. गोंदू उड्या मारायला लागला. दोन्ही हात हलवत घसा फाटेस्तोवर ओरडायला लागला. एवढ्या रुंद नदीपलीकडे आवाज कसला पोचतोय!

पारूजवळ उभ्या असलेल्या कोल्होबांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. "बघ पोरी, किती खूश आहे तो. हा आपला एक्कावन्नावा."

पारूचे डोळे भरून आले. कधी एकदा त्याला भेटते असं तिला झालं. पिल्लाला घट्ट धरून ती मावशीच्या पाठीवर बसली.

तात्पर्य : कुठल्याही सेवेवर विश्वास ठेवण्याआधी पैलतीरी पोचलेल्यांचं मत जरूर घ्यावं. न पोचलेल्यांची कधीच काही तक्रार नसते.