उडत्या रांजणाचा चौथा भाग

एका जंगलात, बाळांनो, बातम्या फळांसारख्या होत्या. पूर्ण पिकेपर्यंत थांबायचा धीर कुणालाच नसे.

त्या जंगलात इंदूकाकू नावाची एक साळुंकी राहायची. फार मायाळू. कुणाच्या पिल्लाला सर्दी झाली तर शिंक हिला आधी यायची. कान मात्र दिवसभर दुसऱ्याच्या फांदीवर.

एका सकाळी ती घरट्यातला केर काढत होती. खालच्या फांदीवर दोन कावळे बोलत होते.

"चौथा भाग ठरला," पहिला कावळा म्हणाला.

"काय सांगतोस! आणि कप्तान मुंगूस?"

"तेच तर सांगतोय. या वेळी कप्तान मुंगूस..."

एवढ्यात शेजारच्या झाडाचा फणस पडला. धप्प! कावळे उडाले ते उडालेच.

इंदूकाकूच्या चोचीतली काडी गळाली. अर्धी बातमी! बाळांनो, अर्धी बातमी म्हणजे अडकलेली शिंक. आत राहत नाही आणि बाहेर येत नाही.

कसला चौथा भाग, असं विचारताय ना? बरोबर आहे. तुम्ही तेव्हा अंड्यात होता.

त्या जंगलात धोंडोपंत नावाचे एक कासव होते. ते सावल्यांचा खेळ करायचे. पळसाच्या पानांची पात्रं कातरायची, कोळीणबाईने विणलेला पडदा ताणायचा आणि मागे काजवे बसवायचे. दिवेलागणीला खेळ सुरू व्हायचा. त्या खेळाचं नाव 'उडता रांजण'.

गोष्ट पुढच्या युगातली. एक मातीचा रांजण. खाली जाळ केला की तो थेट आकाशगंगेत उडायचा. त्याचा कप्तान एक मुंगूस. पहिल्या भागात त्याने चंद्रावर विहीर खणली. दुसऱ्या भागात तो अशा ग्रहावर उतरला, जिथे सगळं वरच्या बाजूला पडतं. तिथल्या बायका भाकरी थापायच्या आणि ती छताला जाऊन चिकटायची. आणि तिसऱ्या भागात एक भलामोठा धूमकेतू आपल्याच जंगलावर धावून आला. कुणीतरी त्याचं शेपूट धरून त्याला वळवायला हवं होतं. कप्तानाने सगळ्यांना रांजणात बसवून घरी धाडलं. स्वतः एकटा शेपटाला लोंबकळला. धूमकेतू वळला. कप्तान लांब लांब गेला. जाता जाता ओरडून म्हणाला, "माझी भाकरी झाकून ठेवा!"

बस. संपलं.

सगळं जंगल रडलं. रानडुक्कर रडलं. मगर रडली, आणि या वेळी खरी रडली. मागे काजवेसुद्धा मुसमुसले. पडदा असा मिणमिणला की लोकांना वाटलं, वा, काय करामत आहे! इंदूकाकू करवंदांच्या दिवसांत रडायला लागली ती जांभळं संपली तरी रडतच होती. तेव्हापासून त्या जंगलात घरोघर रोज एक जास्तीची भाकरी झाकून ठेवायची पद्धत पडली. कप्तान येणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तरी झाकायची. सकाळी तीच कुस्करून खायची.

आता त्या जंगलात एक रीत होती. गोष्ट संपली की तिची पात्रं वाजतगाजत न्यायची आणि नदीत सोडायची. सोडलेलं पात्र पुन्हा कातरायचं नाही. तिसरा भाग संपला तेव्हा कप्तान मुंगसाचं पळसाचं पानही असंच नेलं. डोळे पुसत पुसत पाण्यात सोडलं. आणि तिथेच घोटाळा झाला. गर्दीतून कुणीतरी सवयीने ओरडलं, "पुढच्या वर्षी लवकर या!"

एक जण ओरडला म्हणजे काय, सगळेच ओरडले. पहिलं कोण ओरडलं ते काही मी सांगत नाही. त्या जंगलात सगळ्यात मोठा गळा कुणाचा, ते तुम्हाला एव्हाना कळलंच आहे.

तर इंदूकाकू केरसुणी टाकून घरात धावली.

"अहो, ऐकलंत का? चौथा भाग येतोय. कप्तान परत येतोय!"

तिचे यजमान किडा खात होते. त्यांनी तो सावकाश गिळला. "असं कावळा म्हणाला?"

"म्हणणारच होता. फणस आडवा आला."

आणि ती उडालीच. खारीला म्हणाली, "कप्तान परत येतोय गं!" खारीने सशाला सांगितलं, "कप्तान बायको घेऊन परत येतोय." सशाने सांगितलं, "कप्तानाला जुळा भाऊ होता, तो परत येतोय." दुपारी ही बातमी फिरून इंदूकाकूच्या दारी आली तेव्हा कप्तान आणि त्याचा हाडवैरी नाग हे सख्खे बापलेक निघाले होते.

"अगंबाई!" इंदूकाकू म्हणाली. "हे मला नव्हतं माहीत." आणि तेही ती सांगायला निघाली.

संध्याकाळी उंबराखाली सभा भरली. न बोलावता सगळे आले. सगळे एकदम बोलत होते.

माकडं म्हणाली, "चौथा कशाला, एकदम अकरापर्यंत काढा!"

अस्वल म्हणालं, "पहिला भाग तोच खरा. पुढे सगळं पाणी घातलंय."

"अस्वलभाऊ, तुम्ही पहिल्या भागाला झोपला होता," हरिणी म्हणाली.

"झोपेतसुद्धा कळत होतं तो किती चांगला आहे ते."

घुबडगुरुजी म्हणाले, "मुळात धूमकेतूला शेपूट असतं, पण ते धरता येत नाही. मी तेव्हाच हरकत घेतली होती."

"आणि तेव्हाच तुम्ही सगळ्यात जास्त रडला होता," मगर म्हणाली. "माझ्याशेजारीच बसला होता तुम्ही."

रानगवा अजून दुसऱ्या भागाचंच रवंथ करत होता.

मग गळ्यात रुमाल बांधून कोल्हे मॅनेजर आले. खेळाची जागा धरणं, रांगा लावणं आणि मध्यंतरात भाजलेल्या शेंगा पुरवणं, ही सगळी व्यवस्था त्यांच्याकडे.

"मंडळी," ते म्हणाले, "चौथा भाग ठरला! तुम्हीच नदीकाठी ओरडून सांगितलंत, लवकर या. आपल्या जंगलात बोलावलेल्या पाहुण्याला कुणी नाही म्हणतं का? कप्तान येणार! बायको येणार! जुळा भाऊ येणार! आणि नाग त्याचा बाप निघणार!"

एकच जल्लोष झाला. माकडांनी उंबर हलवून हलवून कच्ची उंबरं पाडली. मोर पिसारा फुलवून म्हणाला, "मी होतो बायको." हत्तीने सोंडेने तुतारी वाजवली. इंदूकाकू तर फांदीवर गोल गोल नाचली.

"बघा, मी म्हटलं नव्हतं?"

तिचे यजमान शेजारी बसून शांतपणे पंख खाजवत होते. ते म्हणाले, "म्हणजे तो इतके दिवस मजेत होता म्हणायचा."

"म्हणजे?"

"बायको काय, भाऊ काय. आणि आपण इकडे भाकऱ्या झाकत बसलो."

इंदूकाकूचा नाच थांबला. एक पाय वरच राहिला.

बाळांनो, करवंदांपासून जांभळांपर्यंत ती रडली होती. असं रडणं काही रोज मिळत नाही. तिची सासू गेली तेव्हाही तिला एवढं चांगलं रडता आलं नव्हतं. कप्तान परत आला, तर ते सगळं रडणं फुकट? उद्यापासून झाकलेल्या भाकरीकडे बघून गळा दाटणार नाही, नुसती भाकरी दिसणार?

ती तशीच उडाली, ती थेट धोंडोपंतांच्या डबक्यावर.

धोंडोपंत पाठीत मान घालून बसले होते.

"पंत, बाहेर या."

"नाही."

"अहो, मी इंदूकाकू."

"म्हणूनच नाही."

काकूने पाठीवर चोचीने टकटक केलं. "पंत, तुम्ही कप्तानाला परत आणणार आहात?"

आतून मोठा सुस्कारा आला. "नदीत सोडलेलं पान पुन्हा कातरायचं नाही, ही आपली रीत. बोलावलेल्याला नाही म्हणायचं नाही, हीही आपलीच रीत. मी कोणती मोडू? आणि मी नाही केलं, तर मॅनेजर म्हणतात, खेळ माकडांना देतो."

"माकडांना!" काकू किंचाळली.

"त्यांनी कप्तानाला दोन डोकी लावायचं ठरवलंय. दोन्ही डोकी गाणार आहेत." पंतांची मान जराशी बाहेर आली. डोळे लाल होते. "काकू, मी आयुष्यात एकच शेवट धड केला हो. बाकीच्या गोष्टी मी नुसत्या थांबवल्या. तो एक मात्र संपला."

इंदूकाकू क्षणभर गप्प बसली. त्या जंगलात ही गोष्ट पुष्कळ दिवस सांगितली गेली. मग ती म्हणाली, "पंत, बोलावलं म्हणजे आलंच पाहिजे, असं कुठे आहे?"

"अं?"

"माझी नणंद बघा. पलीकडच्या डोंगरावर असते. दर दिवाळीला बोलावते मी तिला. आजवर एकदा तरी आली का? पण तिचं पान मांडलेलं असतं. सगळे विचारतात, तुमच्या वन्सं आल्या का? मी म्हणते, येतीलच. खरं सांगू? ती येत नाही तोवरच माझी तिच्यावर फार माया आहे."

धोंडोपंतांची मान हळूहळू पूर्ण बाहेर आली. त्या जंगलात एवढी मान कुणी पाहिली नव्हती.

"काकू," ते म्हणाले, "जरा पळसाची पानं आणून देता?"

पौर्णिमेला चौथा भाग लागला. कोळीणबाईने नवा पडदा विणला. माकडं रुसून मागच्या रांगेत बसली. मॅनेजर शेंगा घेऊन फिरत होते. सगळे काजवे एकदम पेटले.

पडद्यावर आकाश नव्हतं. रांजणही नव्हता. होती एक चूल. चुलीपुढे एक म्हातारी मुंगशीण बसली होती. कप्तानाची आई. तिने भाकरी थापली, भाजली आणि झाकून ठेवली.

"कप्तान कुठाय?" माकडं ओरडली.

"गप रे!" मगर म्हणाली.

मग पडद्यावरच्या म्हातारीकडे एकेक शेजारी यायला लागले. एक अस्वल आलं. म्हणालं, "लहानपणीचा तुमचा मुलगा तोच खरा. पुढे बिघडला." आणि तिथेच घोरायला लागलं. लोक हसले. एक घुबड आलं. म्हणालं, "धूमकेतू धरता येत नाही. तेव्हा तो गेलेलाच नाही." म्हातारीने त्याला ताक दिलं आणि वाटेला लावलं. लोक आणखी हसले. मग एक साळुंकी आली. झाकण जरासं उचलून आत डोकावली. "आला का हो? नाही, मी आपलं सहज विचारलं. नाही ना आला? बरं. मग कधी येणार? कुणाला सांगत नाही मी!"

सगळं जंगल हसून हसून लोळलं. हत्ती हसताना मागे कलंडला आणि चार ससे थोडक्यात वाचले.

"कोण बाई ही भोचक!" इंदूकाकू म्हणाली. सगळे तिच्याकडे वळून बघायला लागले. यजमानांनी पंखाने तोंड झाकलं.

शेवटी शेजारी गेले. म्हातारी एकटी उरली. मग सगळे काजवे विझले. फक्त एक पेटता राहिला. तो पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू उडत गेला. लांब, एकटा, मागे बारीक उजेड ओढत. म्हातारीने वर पाहिलं. झाकणावर हात ठेवून बघितलं.

"अजून गरम आहे," ती म्हणाली.

संपलं.

मगरीने नाक ओढलं, आणि पुन्हा सगळं जंगल रडायला लागलं. इंदूकाकू तर अशी रडली, अशी रडली की मागचं रडणं त्यापुढे नुसती उचकी वाटावी. रडता रडता ती यजमानांना म्हणाली, "अहो, काही फुकट गेलं नाही हो! उलट वाढलं!"

कोल्हे मॅनेजरही खूश. चौथा भाग झाला, जागा भरल्या, शेंगा संपल्या.

बाहेर पडताना इंदूकाकूला तो पहिला कावळा दिसला. तिने त्याचा पंखच धरला.

"काय रे, त्या दिवशी तू काय सांगत होतास? या वेळी कप्तान मुंगूस... पुढे काय?"

कावळा गोंधळला. "ते होय? या वेळी कप्तान मुंगूस असतो की नसतो ते कोल्ह्याला विचार, असं म्हणत होतो. मला काय ठाऊक? मी कुठे पाहिलाय एकही भाग!"

म्हणजे चौथा भाग ठरल्याचं तेवढं खरं निघालं. बाकी सगळं इंदूकाकूचं.

दुसऱ्या दिवशी म्हातारीचं पान नदीवर नेलं. या वेळी सगळ्यांना आधीच बजावलं होतं. सोडायचं आणि गप्प घरी यायचं. कुणीही, काहीही, ओरडायचं नाही. सगळ्यांनी चोची, तोंडं, सोंडा घट्ट मिटल्या. पान पाण्यात उतरलं. गिरकी घेतली. लांब जायला लागलं.

इंदूकाकूचा गळा खवखवला. तिने पाय आपटले. डोळे मिटले. पण सवय ती सवय.

"पुढच्या वर्षी..."

यजमानांनी पटकन एक जांभूळ तिच्या चोचीत कोंबलं.

अर्धंच बाहेर पडलं. पण काठावर कोल्हे मॅनेजर उभे होते, आणि त्यांनी ते अर्धं ऐकलं.

तात्पर्य: ज्या गोष्टीचा शेवट उत्तम झाला आहे तिचा पुढचा भाग मुळीच काढू नये, असं चारचौघांत मोठ्याने म्हणत राहावं; त्याने पुढच्या भागाची जाहिरात आपोआप होते. म्हणून झाल्यावर मात्र लगेच जाऊन पहिल्या रांगेतली जागा धरावी, आणि शेजारच्या काकूसाठीही एक ठेवावी.